जुन्या फोर बाय फोर पिकअपवर पैसे घालायचे तर आधी गाडीच्या खाली घाला

संपादक साहेब,
नमस्कार.

पावसाळा जवळ आला की आमच्या चंदगड-आजऱ्याकडं जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद मिळणाऱ्या, पिकअपला गिऱ्हाईक वाढतं. दहा-पंधरा वर्षं चाललेली बोलेरो कॅम्पर नाहीतर झेनॉन कुणाचीतरी विकायला निघते, घेणारा पोरगा खुशीत घरी आणतो आणि दुसऱ्याच दिवसापासून खर्च सुरू होतो. खर्च कशावर, तर पुढं एलईडीची पट्टी, रुंद टायर, मॅकव्हील, जाड बंपर आणि केबिनमध्ये मोठी स्क्रीन. खाली वाकून कोण बघत नाही. मग जूनमध्ये काजूच्या बागेकडची वाट लाल चिखलानं भरते, गाडी चढाला लागते, लिव्हर फोरमध्ये टाकला तरी मागचीच चाकं चिखल उडवत बसतात आणि पुढची जाग्यावर गप्प, कारण पुढचा शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा, मागच्या मालकानं कधीचा काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकलेला असतो.

हे एखाद्या गाडीचं नाही म्हणून पत्र लिहितोय. आमच्या भागातल्या कितीतरी जुन्या फोर बाय फोर आता नावालाच फोर बाय फोर आहेत आणि त्या परत चारी चाकांवर आणणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त पैसा योग्य ठिकाणी आणि योग्य क्रमानं लागला पाहिजे.

आधी हे होतं कसं ते सांगतो. पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कुलपं, काही गाड्यांत हातानं लॉक करायचे असतात, काहींत आपोआप होतात. आठ महिने कोरड्या रस्त्यावर गाडी टू-व्हीलमध्येच, म्हणजे मागच्या दोन चाकांवरच, चालते, हबला कोण हात लावत नाही, आतलं ग्रीस वाळतं, पाणी शिरतं आणि हब जाम होतो. पुढच्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे फिरते सांधे, ग्रीस न मिळाल्यानं वाजायला लागतात. गाडी गॅरेजला नेली की सोपा इलाज म्हणून मेकॅनिक शाफ्टच उतरवतो, आवाज बंद, मालक खूश. पुढं गाडी विकताना ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि मागच्या फाळक्यावरचं फोर बाय फोरचं स्टिकर तसंच राहतं, त्या स्टिकरवर घेणारा जास्तीचे पैसे मोजतो.

म्हणून गाडी घ्यायच्या आधी एवढं तरी बघा. सपाट जागेवर मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद ठेवा, गाडी गिअरमध्ये आणि लिव्हर फोर-हायला, म्हणजे चारी चाकांच्या नेहमीच्या गिअरला, टाका, हब लॉक करा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली लाकडी ठोकळा पाहिजेच, नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. आता ते चाक हातानं फिरवून बघा. सगळं जाग्यावर असेल तर थोडं हलून अडतं. गरागरा फिरलं तर हब, शाफ्ट नाहीतर आतलं काहीतरी गेलंय. मग तसंच दुसऱ्या बाजूचं बघा. याला पैसा लागत नाही, पाव तास लागतो.

आता जी गोष्ट फार थोड्यांना माहिती असते ती. फोर बाय फोरला पुढं एक आणि मागं एक असं हाउसिंग, म्हणजे ॲक्सलची पेटी, असतं आणि दोन्हीकडच्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे आतल्या मोठ्या-लहान गिअरच्या दातांचा, रेशो सारखाच लागतो. मागचं हाउसिंग वाजायला लागलं की भंगारवाल्याकडून दुसरं आणून बसवतात, दिसायला तंतोतंत तसंच, बोल्टही बसतात, पण ते टू-व्हील गाडीचं असतं आणि आतले दात वेगळे. क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ९ असतील तर रेशो ४.५६ आला, ४१ आणि १० असतील तर ४.१०. टू-व्हीलमध्ये काही कळत नाही, गाडी उलट जास्त पळते म्हणून ड्रायव्हर खूश. पण फोरला टाकल्यावर पुढची चाकं एका हिशोबानं आणि मागची दुसऱ्या हिशोबानं फिरायला बघतात, आणि या जुन्या गाड्यांत मधे फरक सांभाळणारं डिफरन्शिअल नसतं, म्हणून सगळा ताण ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या चेनवर नाहीतर गिअरवर येतो. चेन ताणते, दात उडतात आणि लोक म्हणतात ह्या कंपनीची फोर बाय फोरच नाजूक. नाजूक नाही हो, कुणीतरी दात मोजले नाहीत. जुनं हाउसिंग आणायचं तर झाकण उघडून दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका आणि विकणारा उघडू देत नसेल तर घेऊच नका.

टायरचंही तेच. पुढं घासलेले आणि मागं नवे दोन, असं आपल्याकडं सर्रास चालतं. नव्या आणि घासलेल्या टायरच्या नक्षीत सहा मिलिमीटरचा फरक धरला तर प्रत्येक फेऱ्याला जवळपास पावणेचार सेंटिमीटर होतात आणि एका किलोमीटरला अंदाजे १५ मीटर. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जातो, कडक रस्त्यावर निघत नाही. म्हणूनच अशी गाडी डांबरावर फोरमध्ये चालवायची नसते. आंबोली घाटात पाऊस आणि धुकं आहे म्हणून पूर्ण घाट फोर-हायमध्ये उतरवणारे ड्रायव्हर आहेत, त्यांना वाटतं पकड वाढली, पण वळणावर स्टिअरिंग जड होऊन गाडी सरळ ओढत असते आणि खाली येऊन लिव्हर टू-ला टाकायला गेलं की लिव्हर निघतच नाही. अशा वेळी लिव्हरवर जोर करू नका, गाडी सरळ थोडी रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर निघतो. फोर-लो तर डांबरावर नकोच, तिथं ताकद जवळजवळ अडीच पट होते, ती जांभ्याच्या चढावर भरलेली गाडी हळू वर काढायला आणि उतारावर ब्रेक न तापवता खाली उतरायला असते.

पाण्याचं तर लिहिलंच पाहिजे, कारण आमच्याकडं ओढे उतरल्याशिवाय शेतावर पोचता येत नाही. गाडी पाच-सात किलोमीटर चालून आली की हाउसिंगमधलं ऑइल आणि हवा तापलेली असते. तशीच गाडी थंड ओढ्यात घातली की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. त्यासाठी हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, त्यातून हवा आत-बाहेर होते. हा ब्रीदर मातीनं बुजला की ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं, आणि उघडा असून पाण्याखाली गेला तर सरळ तिथूनच जातं. मग ऑइल दुधाच्या चहासारखं होतं, बेअरिंगला गंज धरतो आणि सहा महिन्यांनी हाउसिंग बोंबलायला लागतं. यावर इलाज किती साधा, तर ब्रीदरला चांगली ऑइल सहन करणारी रबरी नळी जोडून ती चेसिसवरून वर इंजिनच्या खोलीत न्यायची, पाण्याच्या पातळीच्या वर, चाक खाली-वर होताना ताणणार नाही इतकी सैल. माझ्या मते जुन्या पिकअपवर करण्यासारखा सगळ्यात पहिला अपग्रेड हाच आहे आणि तो करणारी माणसं तालुक्यात बोटावर मोजण्याएवढी असतील. पावसाळ्यात ओढा रोजचा असेल तर महिन्याला एकदा हाउसिंगचा ड्रेन बोल्ट थोडा ढिला करून ऑइलचा रंग बघा, पाणी जड असतं म्हणून तेच आधी बाहेर येतं.

ऑइलवरून आठवलं. सगळीकडं नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल ओतायची सवय आहे. हाउसिंगमध्ये ते ठीक असेल, पण काही ट्रान्सफर केसला एटीएफ लागतं, पातळ लाल ऑइल. तिथं नव्वद ओतलं की जाड ऑइल पंपाला नीट उचलता येत नाही आणि थंडीत लिव्हरही अडखळतो. गाडीचं पुस्तक हरवलं असेल तर शोरूमच्या पार्ट काउंटरवर चेसिस नंबर सांगून विचारा. आणि ऑइल सील बदलून महिनाभरात परत गळत असेल तर सील बदलत बसू नका, सील जिथं घासतं तिथं शाफ्टच्या योकला, म्हणजे टोकाच्या जोडाला, खाच पडलेली असते, बोट फिरवलं की लागते. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाले त्यावर पातळ स्लीव्ह चढवून देतात, नवा योक घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. असली कामं करणारे हात आपल्या जिल्ह्यात आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची आपल्याला पुरेशी किंमत नाही.

ब्रेकबद्दल एकच सांगतो, ते ऐकून घ्या. माल जास्त भरायचा म्हणून मागं स्प्रिंगचे एक-दोन पाटे वाढवायची पद्धत आहे. पण बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलपासून वर चेसिसवर एका व्हॉल्व्हला जोडलेला दांडा असतो. गाडी किती बसली ते त्या दांड्यावरून व्हॉल्व्हला कळतं आणि त्या हिशोबानं मागच्या ब्रेकला ऑइलचा दाब मिळतो. पाटे वाढवले की भरलेली गाडी पण उंच राहते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणजे माल वाढवला आणि ब्रेक कमी केला! तिलारी घाटात हे कुठं नेऊन सोडेल ते मी सांगायला नको. पाटे थकले असतील तर कंपनीच्या मापाचा नवा सेट घाला, शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट त्याच वेळी बदला, आणि तो दांडा नीट सेट करून घ्या. रबरी ब्रेक होज जुन्या गाडीत बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगलेले असतात, तेही बदलून टाका.

लाइटची हौस असेल तरी आधी पट्टी नको. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बारक्या वायरीतून आणि घासलेल्या स्विचमधून येतो. हॅलोजन बल्बला एक व्होल्ट कमी मिळाला तरी उजेड जवळपास पाव भागानं उतरतो. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर आणि दोन रिले टाकले, अर्थिंग घासून साफ केलं की तोच ६०/५५ वॅटचा बल्ब लख्ख पडतो आणि समोरच्या एसटी ड्रायव्हरचे डोळेही दिपत नाहीत. आणि तो पुढचा जाड बंपर, म्हणजे लोखंडी बुल बार, त्यावर कारवाई करायला केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं होतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावं लागतं, तेव्हा हे सगळं उतरवायचं आणि नंतर परत चढवायचं, यात जो पैसा जातो त्यात पुढचा शाफ्ट नव्या क्रॉससकट उभा राहतो.

२०२१ ला स्क्रॅप पॉलिसी आल्यापासून जुनी गाडी म्हणजे भंगार असं लोकांच्या डोक्यात बसलंय. ज्या गाडीचं चेसिस कुजलंय ती खुशाल भंगारात द्या, पाट्यांच्या हँगरपाशी हातोडीनं ठोकून बघा, भोक पडत असेल तर तिच्यावर एक रुपया घालू नका. पण चेसिस ठणठणीत असलेली, इंजिन चांगलं असलेली फोर बाय फोर डोंगरातल्या माणसाला परत मिळत नाही. नवीन फोर बाय फोर पिकअपचे दर लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात नाहीत आणि टू-व्हील पिकअप त्या वाटेवर चढत नाही, मग पावसाचे चार महिने ट्रॅक्टर भाड्यानं घ्या नाहीतर डोक्यावरून माल आणा.

म्हणून तुमच्या पेपरामार्फत दोन मागण्या मांडतो. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकणाऱ्या पोरांसमोर एक जुनं ट्रान्सफर केस आणि एक पुढचं हाउसिंग टेबलावर ठेवा, त्यांना स्वतःच्या हातानं उघडून परत जोडू द्या, निदान डोंगरी तालुक्यांतल्या आयटीआयमध्ये तरी. गॅरेजमध्ये येणारी पोरं हुशार आहेत, मोबाईल बघून सेन्सरचे कोड काढतात, पण ट्रान्सफर केस म्हटलं की हात मागं घेतात कारण कधी उघडूनच बघितलेलं नसतं. आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी हबचा किट, सील, क्रॉस आणि शिफ्टरचे बुश एवढा बारका माल तालुक्याच्या पार्ट दुकानापर्यंत पोचवावा, एका सीलसाठी गाडी आठ-पंधरा दिवस स्टँडवर उभी राहते आणि मग कंटाळून शाफ्ट उतरवला जातो.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला गाड्यांचं पान येतं, त्यात नव्या गाड्यांची माहिती असते, ती असू द्या. मे महिन्यात एक पान जुन्या फोर बाय फोरच्या कामाला दिलंत आणि गारगोटी, आजरा, चंदगड, गगनबावडा इथल्या जाणत्या मिस्त्रींना त्यात बोलतं केलंत तर पाऊस लागायच्या आत बऱ्याच गाड्यांचे शाफ्ट माळ्यावरून खाली येतील.

आपला,
एक वाचक, ता. चंदगड, जि. कोल्हापूर