‘बचत वाढली’, पण कुणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

करोनाने लोकांच्या खर्चाच्या सवयी कशा बदलल्या, यावर आपल्या अर्थविषयक पानावर आलेला लेख वाचला. लेख अभ्यास करून लिहिलेला आहे. पण टाळेबंदीच्या वर्षात भारतीय कुटुंबांची बचत कधी नव्हे एवढी वाढली, हा त्यातला मुद्दा वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. आकडा खोटा नाही. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाने २०२०-२१मध्ये कुटुंबांची निव्वळ (म्हणजे कर्ज वजा जाता उरलेली) आर्थिक बचत देशाच्या उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या घरात गेली होती. मात्र त्याच वर्षी मी ज्यांच्या दारात रोज उभी राहते, त्यांची बचत माझ्या डोळ्यांदेखत संपली. पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी दारात येऊन गोळा होणारी ठेव, मोडण्याचे अर्ज त्यांना मीच भरून देत होते. म्हणून हे पत्र.

मी विट्यात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. एकोणीस वर्षं झाली. दुपारी चारला पावतीचं मशीन घेऊन बाहेर पडायचं, एसटी स्टँडच्या बाजूने सुरुवात करायची आणि साडेआठच्या आत संस्थेत भरणा करायचा. चहाचा गाडा पन्नास रुपये, सलून शंभर, रसवंती उन्हाळ्यात दोनशे आणि पावसाळ्यात वीस. यंत्रमागावरचा कामगार शनिवारी पगार झाला की आठवड्याचे एकदम देतो. शंभर रुपये गोळा केले की मला तीन रुपये कमिशन. पगार नाही, रजा नाही. गल्ल्यात आज किती पडलं, हे माणूस बायकोला सांगणार नाही, पण पिग्मीवालीला न सांगता कळतं. नेहमी शंभर देणारा ‘आज पन्नासच घ्या’ म्हणाला, की धंदा बसतोय हे समजायचं.

शनिवार २१ मार्च २०२० ही माझी शेवटची नेहमीसारखी फेरी. दुसऱ्या दिवशी जनता संचारबंदी आणि २५ तारखेला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी. तिकडे इस्लामपुरात रुग्ण सापडले होते, त्यामुळे सगळ्या जिल्ह्याने धसका घेतला होता. पहिले पंधरा दिवस कुणी काही बोललं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. ‘ताई, पिग्मी मोडायची आहे.’

सर्वांत आधी सलूनवाल्याने मोडली. त्याचं दुकान पुढे २८ जूनपर्यंत उघडणारच नव्हतं आणि उघडलं तेही फक्त केस कापण्यापुरतं. मग रसवंतीवाला. त्याचं वर्षाचं पोट एप्रिल-मेवर चालतं, तोच हंगाम गेला. मग बँडवाले, मंडपवाले, बांगड्यांच्या दुकानातली बाई. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. वर्षभराने तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न उरकायचं, नियम मोडला तर पन्नास हजार दंड. लग्नाच्या एका खर्चावर गावात किती घरं चालतात, हे मला माझ्या पासबुकांनी शिकवलं. भाजीवालीची पिग्मी मात्र या काळात वाढली, हेही सांगायला हवं. ती पहाटे उठून गल्लोगल्ली हातगाडी फिरवत होती.

चहाच्या गाड्यावाल्याने मेपर्यंत धीर धरला. त्याचं वर्ष जूनमध्ये भरणार होतं. एक महिना निघाला असता तर व्याजासकट रक्कम मिळाली असती. पण तो निघाला नाही. खात्यात चौदा हजार सहाशे रुपये होते. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज नाहीच, वर तीन टक्के कपात. चारशे अडतीस रुपये. मी संस्थेत हात जोडून सांगितलं, हा काय हौसेने मोडतोय का? नियम आहे, म्हणाले. संस्थेच्या पायरीवर बसूनच त्याने नोटांचे तीन भाग केले. सहा हजार दोनशे किराणा दुकानाची उधारी. चार हजार दोन महिन्यांचं खोलीभाडं. उरलेले चार हजाराला थोडे कमी, ते त्याने वेगळ्या खिशात ठेवले. मुलगी दहावीत जाणार होती, शाळा मोबाइलवर भरणार होती आणि घरात होता तो बटणांचा फोन. वर्षभराच्या चहातून साठलेल्या पैशांतून एक जुना मोबाइल आला.

पुढे वर्षभर हेच पाहिलं. पिग्मी मोडायचं कारण विचारलं की आधी किराणा, मग भाडं, मग औषध आणि जूनपासून मोबाइल. कपडालत्ता, भांडी, सणाची खरेदी, बाहेरचं खाणं, यातलं कुणी काही बोलेना. किराणा दुकानदार सांगायचा की रेशनवर फुकट धान्य मिळू लागल्यापासून गहू-तांदळाचं गिऱ्हाईक तुटलं. दहा रुपयांचा चहापुडा, पाच रुपयांचं बिस्किट, पाव किलो तेल एवढंच खपतंय. ते धान्य, माणशी महिन्याला पाच किलो, मधले काही महिने सोडले तर २०२० ते २०२२ मिळत राहिलं. सरकारने त्या काळात केलेलं सर्वांत चांगलं काम म्हणजे हे, असं मी मनापासून म्हणते. ज्यांच्याकडे रेशनकार्ड होतं, त्यांची चूल पेटत राहिली.

मग बचत वाढली कुणाची? ती माणसंही माझ्याच यादीत आहेत. एका निवृत्त शिक्षकांनी त्याच वर्षी आवर्त ठेव दुप्पट केली. पेन्शन वेळेवर येत होती, पण प्रवास नाही, लग्नकार्य नाही, हॉटेल नाही. पैसे आपोआप साठले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यांचं वाढलेलं आणि चहावाल्याचं संपलेलं एकत्र करून सरासरी काढली, तर उत्तर ‘बचत वाढली’ असं येतं आणि चहावाला त्यात कुठे दिसत नाही.

आणि धोरणंही त्या सरासरीकडे बघूनच आखली गेली, असं मला वाटतं. १२ मे २०२० रोजी पंतप्रधानांनी वीस लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले तीन लाख कोटी लघुउद्योगांना सरकारच्या हमीवर कर्ज. त्याआधी मार्चअखेर रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिने सवलत दिली, पुढे ती ऑगस्टपर्यंत वाढवली. ही सवलत बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांच्या कर्जदारांना होती. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या राज्याच्या सहकार खात्याखाली. त्यामुळे ज्याचं कर्ज पतसंस्थेचं, त्याला त्या आदेशाचा उपयोग नव्हता. आमच्याकडे रिक्षावाला, टपरीवाला बँकेत जातच नाही, पतसंस्थेतच येतो. टीव्हीवर हप्ते थांबले म्हणून ऐकायचं आणि इकडे वसुलीचा फोन घ्यायचा, अशी त्यांची गत झाली होती. त्याच मे महिन्यात पेट्रोलवरचा केंद्राचा कर दहा रुपयांनी आणि डिझेलवरचा तेरा रुपयांनी वाढवला. कच्चं तेल तेव्हा स्वस्त झालं होतं. रिक्षावाल्याला दिलासा देता येईल असा तो एकच काळ होता.

१ जूनला फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. दहा हजारांचं कर्ज, वर्षात फेड, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत. मी स्वतः आमच्या चहावाल्याला माहिती द्यायला गेले. तो म्हणाला, ‘ताई, गाडा उभा करायला परवानगी नाही. कर्ज काढून घरात बसून खाऊ आणि मग फेडू कशातनं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही योजना वाईट नाही. धंदा सुरू झाल्यावर अनेकांना तिचा उपयोग झाला, भाजीवालीने तर पुढे दुसरं, वीस हजारांचंही कर्ज घेऊन फेडलं. पण बंद गाड्याला भांडवल लागत नसतं, त्याच्या मालकाला रोजचे दोनशे रुपये लागतात.

रोख मदत अगदीच झाली नाही असं नाही. जनधन खाते असलेल्या बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये मिळाले. एप्रिल २०२१मध्ये राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर आणि घरकामगार यांना पंधराशे रुपये जाहीर केले. एकदाच. आज लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४पासून तेवढेच पंधराशे दर महिन्याला देता येतात. त्या योजनेवर हवे तेवढे वाद असोत, माझ्या यादीतल्या सात बायकांनी त्या पैशातून पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पिग्मी सुरू केली आहे. म्हणजे पैसे थेट पोचवण्याची वाट होती. ती २०२० साली वापरायला हवी होती.

त्याच साली, सप्टेंबरपासून, राज्याने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्के केलं. ऑक्टोबरमध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीच्या बदल्यात वस्तू खरेदी करायचा पर्याय दिला, त्याही बारा टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या आणि डिजिटल पैसे देऊन. म्हणजे ज्यांच्याकडे साठले होते त्यांना खर्च करायला सवलत आणि ज्यांचे संपले होते त्यांना कर्ज. ऑगस्टमध्ये सोनं तोळ्याला छप्पन्न हजारांच्या आसपास गेलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सोनेतारणावर बँकांना किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली. विटा हे गलाईवाल्यांचं गाव, आमची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली. सोन्याची किंमत आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. तरी त्या दिवाळीत तारणाच्या खिडकीपुढे काळे मणी तेवढे गळ्यात ठेवून मंगळसूत्रातलं डोरलं काढून गहाण ठेवणाऱ्या बायका पाहिल्या आणि मला मान वर करवेना.

३१ ऑगस्ट २०२०ला सरकारने जाहीर केलं की एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटलं. हे मला मे महिन्यातच ठाऊक होतं. राज्यातल्या पतसंस्थांत रोज संध्याकाळी पिग्मीचा भरणा होतो, मशीनमध्ये त्याच दिवशी आकडा येतो. कुठल्या गावात, कुठल्या धंद्यात हात आखडला, हे त्या रात्रीच कळतं. सहकार खात्याने हे आकडे, कुणाचंही नाव न घेता, दर आठवड्याला मागवावेत आणि पुढे असं संकट आलं तर पहिला पैसा कुठे पोचवायचा हे त्यावरून ठरवावं. तसंच, हप्त्यांची सवलत देताना पतसंस्थांचे कर्जदार आणि मुदतीआधी मोडलेल्या पिग्मीवरची कपात, दोन्हींसाठी राज्याने त्याच दिवशी आदेश काढावा. त्याला मोठा खर्च नाही.

२०२५मध्ये बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न आयकरमुक्त झालं. माझ्या यादीतल्या एकाही दुकानदाराला त्याने फरक पडला नाही, कारण आयकर भरावा एवढं त्यांनी कधी कमावलंच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात साबण, बिस्किटं, डोक्याचं तेल यांवरचा जीएसटी अठराचा पाच झाला, त्याबद्दल मात्र दोघातिघींनी आपणहून सांगितलं.

चहाचा गाडा आज पुन्हा त्याच जागी उभा आहे. २०२० आधी सातला मिळणारा चहा आता दहाला. गाड्यावर क्यूआर कोडचा फलक आहे, बहुतेक गिऱ्हाईक त्यावरच पैसे टाकतं, त्यामुळे संध्याकाळी गल्ल्यात नोटा कमी. पैसे खात्यात पडतात आणि तिथून सकाळी दुधाचे, गॅसचे आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीचे परस्पर जातात. पिग्मीसाठी तो डबा उघडून बघतो. पूर्वी पन्नास देणारा हा माणूस आता वीस देतो. मीही वीसचीच पावती फाडते आणि पुढच्या दुकानात जाते.

आपली नम्र,
एक पिग्मी प्रतिनिधी,
विटा (जि. सांगली)