रात्रपाळी केली म्हणून तीन वर्षं बंदी : क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्रावर आपलं नाव घातलेलं नाही, त्यात अनादर नाही. या खात्याचे मंत्री इतक्या लवकर बदलतात की पाकीट मुंबईला पोहोचेपर्यंत नाव चुकीचं ठरायचं. मी सांगली जिल्ह्यातली एक अंगणवाडी सेविका. माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि विद्यापीठाच्या खो-खो संघातून खेळायची. 'खेळायची' असंच लिहावं लागतंय, कारण तिच्यावर तीन वर्षांची बंदी आहे आणि त्या बंदीविरुद्ध केलेल्या अपिलाचं उत्तर गेल्या आठवड्यात हातात पडलं. एकच ओळ आहे. 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही आहे, पण ती कुणाची ते वाचता येत नाही.

याच अर्जाबद्दल एका बक्षीस समारंभात, स्टेजवरून, माइकवरून, 'या लेकीवर अन्याय होऊ देणार नाही' असा शब्द आम्हाला मिळाला होता. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. शब्द देणारे कोण ते मी लिहीत नाही, त्यांना स्वतःला आठवत असेल तर पुरे.

आता गुन्हा काय ते सांगते, म्हणजे वाचतानाच 'काहीतरी लपवतेय बाई' असं वाटायला नको. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे पात्रतेचे नियम भारतीय विश्वविद्यालय संघाचे, म्हणजे एआययूचे असतात. वय पंचविशीच्या आत पाहिजे, पूर्णवेळ विद्यार्थी पाहिजे, आणि पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला खेळता येत नाही. माझ्या मुलीने नोकरी केली. तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, ट्रकचं स्टेअरिंग सुटलं, आणि पोरीने एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पॅकिंगची रात्रपाळी धरली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मैदान, रात्री कारखाना. झोपायची कधी ते मला अजून कळलेलं नाही. कुणीतरी तिच्या कंपनीच्या ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, दुसऱ्या संघाने हरकत घेतली, चौकशीत पगाराची स्लिप निघाली, त्यावर पीएफ कापलेला. संपलं. नियम मोडला की नाही? मोडला. मी नाही म्हणत नाही.

पण तो एकटीने मोडला का?

तिच्या कॉलेजच्या क्रीडा संचालकांना ही नोकरी माहीत होती. नुसती माहीत नव्हती. स्पर्धेच्या आधी सराव शिबिराला सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी कॉलेजच्या लेटरहेडवर कंत्राटदाराला पत्र दिलं होतं. 'आपल्याकडे कार्यरत असलेल्या सदर विद्यार्थिनीस आठ दिवसांची रजा मंजूर करावी.' सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. त्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे. चौकशीत सरांनी सांगितलं, 'मला काहीच कल्पना नव्हती.' आम्ही झेरॉक्स पुढे केली तर समितीतले एक जण म्हणाले, झेरॉक्स चालत नाही, मूळ प्रत आणा. मूळ प्रत कंत्राटदाराकडे. कंत्राटदार मूळ प्रत देऊन स्वतः कशाला अडकेल?

पात्रतेचा फॉर्म इंग्रजीत, चार पानी. मुलींच्या सह्या सराव सुरू असताना मैदानाच्या कडेला, बाकड्यावर घेतल्या. 'इथं कर, इथं कर, पळ.' मी स्वतः वीस वर्षं सरकारी रजिस्टरं भरते आहे, गरोदर बायकांची, पोरांच्या वजनाची, आता त्या पोषण ट्रॅकरचीसुद्धा. न वाचता सही घेणं हा काय प्रकार असतो ते मला कुणी शिकवू नये. त्या फॉर्मवर मुलीच्या सहीखाली आणखी मोठ्या लोकांच्या सह्या असतात. ही विद्यार्थिनी पात्र आहे असं ते लिहून देतात. खोटं ठरलं तेव्हा त्या सह्यांचं काय झालं? काही नाही. सर यंदाही संघ घेऊन जाणार आहेत.

आणि बंदी 'फक्त' तीन वर्षांची आहे, असं मला एका टेबलावर समजावण्यात आलं. साहेब, पोरगी बावीस वर्षांची आहे. पंचविशीला विद्यापीठाचं दार आपोआप बंद होतं. बावीस अधिक तीन किती, हे माझ्या अंगणवाडीतली पोरं बोटांवर सांगतील. शिक्षा कागदावर तीन वर्षांची, अंगावर जन्माची. चाळिशीपर्यंत खेळता येणाऱ्या खेळात तीन वर्षं म्हणजे गॅप, विद्यार्थी खेळाडूला तेवढंच आयुष्य असतं. हे ज्याला कळत नाही त्याला शिक्षा ठरवण्याच्या खुर्चीत बसवू नये.

माझा भाचा बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करतो. त्याने मला जिम थॉर्पची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला मूलनिवासी पोरगा, कार्लाइलच्या शाळेतला विद्यार्थी. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं. पुढच्याच वर्षी दोन्ही काढून घेतली, का, तर त्याआधी तो उन्हाळ्यात किरकोळ पैशासाठी बेसबॉल खेळला होता. त्या काळात कॉलेजची बरीच पोरं असं खेळायची, पण खोट्या नावाने. हा खऱ्या नावाने खेळला. हरकत घ्यायची तीस दिवसांची मुदतही केव्हाच उलटून गेली होती, तरी घेतली. 1953 मध्ये तो गेला. पदकं 1983 मध्ये घरच्यांना परत दिली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला 2022 उजाडलं. शंभरावर वर्षं! भाचा म्हणाला, मावशी, धीर धर. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे शंभर वर्षं नाहीत.

आपल्या मुलखातलीच गोष्ट घ्या ना. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायचं तर पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. 1952 चं ब्राँझ त्यातून आलं. तुमची सगळी भाषणं खाशाबांपासून सुरू होतात म्हणून आठवण दिली. आजचे प्राचार्य घर गहाण टाकू नका म्हणावं, केलेली सही कबूल करा, तेवढं बास.

आता दुसरी संधी कुणाकुणाला मिळते ते बघा. रसिख सलाम नावाचा काश्मीरचा गोलंदाज. वयाचा खोटा दाखला दिला म्हणून 2019 मध्ये क्रिकेट मंडळाने दोन वर्षांची बंदी घातली. ती संपली, तो परत आला, आणि 2024 मध्ये आयपीएलच्या लिलावात बंगळुरूने त्याला 6 कोटींना घेतलं. मला त्याच्याबद्दल आकस नाही, चांगलं झालं पोराचं. पण माझं मानधन महिन्याला 13 हजार. (प्रोत्साहन भत्ता वेगळा म्हणतात, तो आला की कळवेन.) 6 कोटी मिळवायला मला जवळपास तीनशे पंच्याऐंशी वर्षं लागतील, मोबाइलवर हिशोब केला. क्रिकेट मंडळाने तर 2020 मध्ये योजनाच काढली होती. ज्याने वय चोरलं असेल त्याने स्वतःहून सांगावं, बंदी नाही, खऱ्या वयोगटात खेळायचं.

आपला नरसिंग यादव, तीनदा महाराष्ट्र केसरी. 2016 मध्ये उत्तेजकाच्या प्रकरणात चार वर्षांची बंदी. चार वर्षांनी परतला, आणि 2024 मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष झाला. देशात 2023 मध्ये 5,606 नमुने तपासले, त्यातले 213 पॉझिटिव्ह निघाले. यातले बहुतेक जण बंदी भोगून परत मैदानात उतरू शकतात. माझ्या पोरीच्या रक्तात काय सापडलं असतं? चहा. रात्रपाळीचा.

आणि हे तर तुमच्याच राज्यातलं. ज्यांनी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं मिळवून 5 टक्के आरक्षणात सरकारी नोकरी साधली, त्यांच्यासाठी 2022 मध्ये समर्पणाची मुदत दिली गेली. प्रमाणपत्र स्वतःहून आणून द्या, म्हणजे फौजदारी टळेल. जे कधी मैदानात उतरलेच नाहीत त्यांना सरकारने समजून घेतलं. जी खांबावर डाइव्ह मारून दोनदा खांदा निखळवून घेते तिला म्हणायचं, बाब अखत्यारीत येत नाही.

मंत्र्यांचंही तेच. 2025 च्या जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला. मी खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं, आणि त्याऐवजी कुठलं मिळालं? क्रीडा. शेतकरी हसावं की रडावं या विचारात असताना खेळाडूंना कुणी विचारलंच नाही. तुम्हा लोकांना एक खातं गेलं तर दुसरं मिळतं, एक पक्ष सुटला तर दुसरा घेतो, आणि निवडणूक हरली तर मागच्या दाराने परिषदेत जायची सोय आहे. आमच्या पोरींना एका फॉर्मवर एक चुकीची सही, की कारभार आटोपला.

मला समोरची बाजू कळत नाही असं नाही. माझ्या मुलीमुळे संघाचा तिसरा क्रमांक रद्द झाला. बाकीच्या मुलींची प्रमाणपत्रं परत मागवली. त्यातल्या एकीचा पोलीस भरतीचा अर्ज त्या प्रमाणपत्रावर अवलंबून होता, तिची आई बाजारात मला बघून तोंड फिरवते आणि मी तिला दोष देत नाही. राखीव म्हणून बाकावर बसलेल्या मुलीची जागा माझ्या मुलीने अडवली हेही खरं. दुसऱ्या संघातल्या मुली प्रामाणिकपणे खेळून आमच्याकडून हरल्या, त्यांनी हरकत घेतली तर त्यांचं काय चुकलं? म्हणून मी शिक्षा माफ करा असं म्हणतच नाही. त्या हंगामाचं सगळं घ्या, पदक घ्या, वर्षभर बाहेर बसवा. पण ज्या मुलीने घर चालवायला नोकरी केली आणि जी मंडळी पदकासाठी वय खोटं करतात, दाखले विकत घेतात, त्यांना एकाच मापाने मोजता? वर पुन्हा त्यांनाच सवलत देता? आणि बाकीच्या बारा-चौदा जणींची काय चूक होती की त्यांचीही कागदपत्रं गेली? शिक्षा मोठी दिसावी म्हणून सगळ्यांत बारक्या माणसांवर टाकलेली आहे, वरचा कुणी त्यात नको.

नियम कशासाठी केला होता तेही कुणी आठवत नाही. नोकरदार खेळाडूंनी कॉलेजात नाव घालून विद्यार्थ्यांच्या स्पर्धा मारू नयेत, त्यासाठी असावा तो, आणि तो योग्यच आहे. रेल्वेचा पगारी खेळाडू सकाळ-संध्याकाळ सराव करून विद्यार्थ्यांसमोर उतरला तर तो अन्याय. पण रात्री खोकी भरून सकाळी वर्गात पेंगणाऱ्या मुलीला त्या नोकरीने मैदानावर कुठला फायदा दिला? उलट दुसऱ्या डावात तिचा पाय जड व्हायचा, हे तिचेच सर ओरडून सांगायचे.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलीही जिंकल्या, मुलंही जिंकली. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. तेव्हा होर्डिंगवर खेळाडूंपेक्षा नेत्यांचे फोटो मोठे होते. आम्ही घरात मोबाइलवर फायनल बघितली. पोरगी म्हणाली, आई, आता आपल्या खेळाला दिवस आले. त्यानंतर वर्षभरात ती कारखान्यात दिवसपाळीला लागली, कारण आता रात्रपाळी कशासाठी करायची?

काय पाहिजे ते सांगते, तुमच्या पीएला शोधावं लागू नये. आमच्या अपिलाची सुनावणी घ्या, समोरासमोर, आणि निकालाची कारणं लेखी द्या. जो नियम दिल्लीत ठरतो तो बदलणं तुमच्या हातात नसेल, पण राज्यातल्या विद्यापीठांच्या कुलगुरूंना बोलावून शिक्षेच्या पायऱ्या ठरवा म्हणून सांगणं नक्की हातात आहे. पहिल्या चुकीला एक हंगाम, लबाडीला जास्त, आणि कुठलीही बंदी मुलाचं पात्रतेचं वय गिळून टाकणारी नको. फॉर्म मराठीत द्या. फॉर्मवर ज्यांनी ज्यांनी सही केली त्या सगळ्यांना चौकशीत बसवा, फक्त एकट्या पोरीला नको. संघातल्या ज्या मुलींचा काही दोष नव्हता त्यांची प्रमाणपत्रं परत करा. त्यांच्या आया माझ्याशी बोलतील की नाही तो माझा प्रश्न.

पोरीला अजून एक वर्ष मिळालं तरी पश्चिम विभागाची स्पर्धा खेळता येईल. पुढच्या हंगामाची निवड चाचणी पावसाळा संपला की होते. उत्तर त्याच्या आत द्यावं, वाचता येईल अशा सहीने.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
जि. सांगली

ता. क. : रजेच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत मागू नये. कारखान्यात कंत्राटदार बदलला आहे आणि जुना फोन उचलत नाही.