बाहेर म्हणजे कुठे

क्योतो,
८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आजी, आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार. धाकट्याला अनेक आशीर्वाद. धाकट्या, हे पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

मी इकडे अगदी खुशाल आहे. जेवणखाण वेळेवर होतं, खोली ऊबदार आहे, स्वेटर पुरतात. अक्षर वाकडं आलंय ते थंडीने. बोटं आखडतात, बाकी काही नाही.

फोनवर सगळं बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. खोलीत आम्ही दोघी. ती व्हिएतनामची पोरगी माझे फोन ऐकून ऐकून मराठी शब्द ओळखायला लागली आहे. 'आजी' तिला कळतो, 'भूत'सुद्धा कळायला लागलाय. परवा तिने विचारलं, तुमच्या घरी कोणी आजारी आहे का, तू हे दोन शब्द नेहमी हळू आवाजात बोलतेस. मी हो म्हटलं. आजी, माफ कर.

आई, रात्री एकटी फिरतेस का असं तू मागच्या फोनवर तीनदा विचारलंस. फिरते गं. त्याशिवाय काम कसं होणार? पण वृद्धाश्रमात मला रात्रपाळी असते, त्यामुळे अवेळी सायकलवरून जाणाऱ्या मुलीकडे कोणी वळूनही बघत नाही. आणि ही नोकरी मी केवळ आडोसा म्हणून धरली आहे असं तू म्हणालीस ते मला लागलं. रात्री दोन वाजता घाबरून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून बसणं हेही आजीनेच शिकवलेलं काम आहे. अर्ध्या वेळा तिथे काहीच नसतं, माणसाला फक्त कोणीतरी जवळ हवं असतं. उरलेल्या अर्ध्या वेळा असतं, तेव्हा मी असते.

बाबा, तुम्ही पुन्हा कायद्याचं काढलंत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मी परिशिष्टासकट वाचला आहे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी होती. आजीने जन्मात कोणाच्या अंगाला बोट लावलं नाही, नारळापलीकडे कोणाकडून काही घेतलं नाही. मी तर नारळही घेत नाही. मी आहे हेच कोणाला माहीत नाही, तर नारळ देणार कोण?

आता इथली एक गोष्ट सांगते, ती मला अजून पुरती उमगलेली नाही. दरवर्षी वसंताच्या आदल्या दिवशी इथे सेत्सुबुन असतो. यंदा तो ३ फेब्रुवारीला, मंगळवारी आला. त्या दिवशी घरोघर भाजलेल्या सोयाबीनचे दाणे फेकून राक्षस हाकलतात. राक्षसाला इथे ओनी म्हणतात. दाणे भाजलेलेच लागतात, कारण कच्चा दाणा कोपऱ्यात राहून गेला आणि त्याला कोंब फुटला तर अशुभ. बाप किंवा थोरला भाऊ लाल मुखवटा घालून दारात उभा राहतो आणि पोरं ओरडतात, "ओनी वा सोतो, फुकु वा उची!" म्हणजे ओनी बाहेर, सौख्य आत. मग आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. काही घरी एक जास्त खातात, पुढच्या वर्षासाठी. शिवाय भाताची एक अख्खी जाड गुंडाळी न कापता, न बोलता, त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करून संपवायची. यंदाची दिशा दक्षिण-आग्नेय. आमच्या इमारतीतली माणसं त्या संध्याकाळी होकायंत्र बघून भिंतीकडे तोंड करून गप्प जेवत होती.

आणि काही दारांवर, आई, चक्क तारलीचं मुंडकं! भाजलेलं मुंडकं काटेरी पानांच्या फांदीला खोचून चौकटीला लावतात. वासाने ओनी पळतो म्हणे, आणि तरी पुढे आलाच तर पानाचे काटे डोळ्यांत जातात. दोन दिवस ते मुंडकं तसंच होतं. आपल्याकडे मांजरीने दोन मिनिटं ठेवलं नसतं.

ओनी येतो ईशान्येकडून. आजी, हे ऐकून तू तांदूळ निवडायची थांबशील. आपलं देवघर ज्या कोपऱ्यात, तीच दिशा इथे राक्षसांचं दार. जुन्या पद्धतीत ती दिशा बैल आणि वाघ यांच्या मधली, म्हणून ओनीला बैलाची शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं. ७९४ मध्ये इथे राजधानी वसली. तिच्या ईशान्येला हिएइ डोंगरावर ७८८ पासूनच मठ होता, तोच पुढे शहराचा राखणदार ठरला. राजवाड्याच्या तटाचा ईशान्य कोपरा तर आत दुमडून घेतलाय, म्हणजे कोपराच उरू नये. तिथे वळचणीखाली लाकडी माकड पहाऱ्याला बसवलंय आणि त्याच्यावर जाळी आहे, कारण ते रात्री उतरून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खोड्या काढायचं असं म्हणतात. मी कामावरून येताना त्याच्याकडे बघून नमस्कार करते.

सगळं शहर त्या दिवशी ओनीला बाहेर हो म्हणतं. बाहेर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही. आजी, तू कधी नुसतं 'जा' म्हणाली नाहीस. आधी त्याची जागा ठरवायची, मग निघायला सांगायचं. त्यामुळे इथे वर्षातली सगळ्यात कठीण रात्र माझ्यासाठी हीच. घराघरांतून हाकललेले सगळे रस्त्यावर येतात.

त्या दुपारी वृद्धाश्रमातही कार्यक्रम होता. घशात अडकू नयेत म्हणून तिथे दाण्यांऐवजी कागदाचे गोळे असतात. मी वयाने सगळ्यांत लहान म्हणून मुखवटा मला दिला. सगळे आजीआजोबा हसत हसत गोळे मारत होते, मीही हात वर करून ओरडत होते. चाकाच्या खुर्चीतली एक आजी, तिला फारसं दिसत नाही, तिने गोळा फेकला नाही. तिने माझा हात ओढून घेतला, तळव्यावर गोळा ठेवला आणि म्हणाली, "खा. बाहेर थंडी आहे. ओनी मो उची." ओनीसुद्धा आत. बाकीचे हसले, त्यांना वाटलं विसरली. नंतर कळलं की ती योशिनोची. तिथल्या किन्पुसेन्जी मंदिरात सेत्सुबुनला असंच म्हणतात. देशभरातून हाकललेल्या ओनींना तिथे बोलावून घेतात. तो डोंगर एन नो ग्योजा नावाच्या तपस्व्याचा. त्याने एका ओनी जोडप्याला मारलं नाही, आपल्या सेवेत ठेवलं. मुखवट्याच्या आत मी रडत होते. बरं झालं, कोणाला दिसलं नाही.

बाबा, अजिंठ्याला २ नंबरच्या लेण्यात तुम्ही मला मांडीवर मूल घेतलेली बाई दाखवली होती, हारिती. दुसऱ्यांची पोरं खायची. बुद्धाने तिचंच धाकटं लपवलं तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती पोरांची राखणदारीण झाली. ती इथेही आहे, किशिमोजिन म्हणून. मी तोक्योला उतरले तेव्हा झोशिगाया भागातलं तिचं मंदिर बघितलं होतं. तिथे तिच्या नावातलं 'ओनी'चं अक्षर वरची बारीक रेघ गाळून लिहितात. ती रेघ म्हणजे शिंग. तिचं शिंग गेलं, म्हणून अक्षराचंही गेलं. पहिल्याच आठवड्यात हे बघितलं आणि वाटलं, आपलं काम इथे होईल.

आता हाताचं सांगते. आई, आधी बसून घे. ३ तारखेच्या रात्री कामो नदीच्या काठी एक सापडला, वासराएवढा, थरथरणारा. बरीच वर्षं एका घराच्या माळ्यावर राहिलेला असावा, ते घर पाडायला काढलंय. मी गाऱ्हाणं घालत जवळ गेले आणि नेमकी मागून मोटार आली. तो घाबरला आणि माझ्या उजव्या दंडाला दात लागले. मुद्दाम नाही गं. पाच टाके पडले. डॉक्टरांना कुंपणाची तार लागली म्हणून सांगितलं. तर हे पत्र मी डाव्या हाताने लिहिते आहे. थंडीचं सांगितलं ते खोटं होतं. खर्चाची काळजी नको, ७० टक्के विमा भरतो.

त्याला तुझ्या तांब्याच्या गडूत घेतलं आजी, तोंडाला लाल फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीने योशिनोला नेलं. तिथल्या मोठ्या मंदिरात निळ्या अंगाचे तीन प्रचंड उग्र देव आहेत, पण एरवी पडद्याआड असतात. पडद्यासमोर उभी राहिले आणि आपलं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू लांबसून इला हा, तेका जागा दी." व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून तेही मीच म्हटलं. फडकं सोडलं. तो गेला तेव्हा गडू अगदी हलका लागला.

तू विचारशील, सांगून का टाकत नाहीस इथे कोणाला, माणसं तर चांगली आहेत. आहेतच. ऐक. २ तारखेला संध्याकाळी मी योशिदा देवळात गेले होते. तिथे होसोशी येतो, चार सोनेरी डोळ्यांचा मुखवटा घातलेला, हातात भाला आणि ढाल, आणि तो ओनींना पळवून लावतो. राजदरबारात हजार वर्षांहून आधी हा विधी व्हायचा. पण त्याचं रूप इतकं भयंकर की होता होता लोक त्यालाच ओनी समजायला लागले आणि त्यालाच हाकलायला लागले. दुसरीकडे वातानाबे नो त्सुना नावाच्या वीराने एका ओनीचा हात तोडला, तर वातानाबे आडनावाच्या काही घरांत आजही दाणे फेकत नाहीत. ओनी त्या नावालाच घाबरतो म्हणतात. ज्याने तोडलं त्याचं नाव राहिलं. जो वर्षानुवर्षं मध्ये उभा राहिला, त्याला बाहेर काढलं. मला दोन्ही व्हायचं नाही. मला तोडायचं नाही, आणि त्या चाकाच्या खुर्चीतल्या आजीने माझा हात सोडावा असंही मला नको आहे.

फक्त रूममेटचं मनाला लागतं. मी सायकलवरून कुंपणावर पडले असं तिला सांगितलं. तेव्हापासून ती रोज माझे केस विंचरून देते, भाताची पेज करते आणि माझी सायकल तिने स्वतः दुरुस्तीला नेली. दुकानदार म्हणाला, सायकलला काहीच झालेलं नाही. तिने घरी येऊन मला तेवढंच सांगितलं, पुढे काही विचारलं नाही.

५०,००० येन पाठवले आहेत. नेहमीपेक्षा कमी आहेत, हाताने तीन दिवस कामावर जाता आलं नाही. त्यातून आधी आजीच्या मोतीबिंदूचं बघा. कौलं पावसाआधी बदलली तरी चालतील. बाबा, तुम्ही उसने घेऊ नका, मार्चमध्ये मी भरून काढते.

आणि त्या स्थळाचं. फोटो मिळाला. मुलगा शांत वाटतो, कुत्र्याला बगलेत घेऊन उभा आहे ते मला आवडलं. पण बाबा, "वृद्धाश्रमात नोकरी करते एवढंच सांगू, बाकी नंतर बघू" हे मला चालणार नाही. आई, तुला लग्नाआधी कोणी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात आजीला मध्यरात्री वडाखाली बोलताना बघून तू माहेरी निघून गेलीस आणि दोन महिने आली नाहीस. हे मला आजीनेच सांगितलंय, आणि सांगताना तिचा आवाज बसला होता. मी इथे सगळ्यांशी खोटं बोलते, ते मला निभावावं लागतं. ज्याच्या शेजारी निजायचं त्याच्याशी तरी नको. आधी त्याला सांगा, मग पत्रिका बघा. नाही म्हणाला तर मला राग येणार नाही.

शिमग्याला येते असं मी म्हटलं होतं. येत नाही. तिकिटाचे पैसे आहेत, आई, पैशांचं कारण नाही. ते घर पाडायचं काम फाल्गुनातच सुरू होणार आहे आणि माळ्यावर अजून दोघे आहेत, एक फारच लहान. तू पुरणपोळीला माझं ताट मांडशील, मला माहीत आहे. यंदा नको मांडूस, किंवा मांड आणि धाकट्याला बसव.

पालखी दारात आली की आजीने माझ्या नावाने गाऱ्हाणं घालावं. परदेशात नोकरीला आहे असं नको. खरं काय ते देवाला सांग, सगळ्या वाडीसमोर नसेल जमत तर हळू आवाजात. टाके बुधवारी काढतील. काढले की फोन करते.

तुमची
बाय