तेमारीचं माप शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

जपानच्या कागावा प्रांतातल्या तकामात्सुहून तुम्ही तेमारीची, म्हणजे दोऱ्याने भरतकाम केलेल्या जपानी चेंडूची, जी टिपणं मराठीत लिहून पाठवलीत, त्यांबद्दल हे आभाराचं पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ती टिपणं आता आमच्या गटापुरती राहिलेली नाहीत. भरतकाम करणाऱ्या कितीतरी जणींकडे त्यांच्या झेरॉक्स पोचल्या आहेत. नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते गाळलंय. कामाचं श्रेय मात्र तुमचंच.

तेमारीचे फोटो आणि जपानी पुस्तकांतल्या आकृत्या आता कुणालाही मिळतात. त्या पाहून नक्षी उतरवता येते, पण नक्षी वाकडी का झाली ते कळत नाही. तुम्ही प्रत्येक मापामागचं कारण लिहिलंत, आणि सुरुवात नक्षीपासून न करता गोळ्यापासून केलीत. ही तुमची सर्वांत मोठी मदत.

कागावातल्या, म्हणजे जुन्या सानुकी प्रांतातल्या तेमारीत आत भाताचं तूस असतं, त्यावर पातळ कागद आणि वर सुती दोरा. मीठ, साखर आणि कापूस ही सानुकीची ‘तीन पांढरी’ उत्पादनं, त्यामुळे तिथला दोरा सुती, आणि रंग वनस्पतींचे. हे वाचल्यावर स्पंज किंवा थर्माकोलच्या चेंडूचा विचार आम्ही सोडूनच दिला. तूस तर कोकणातल्या कुठल्याही भातगिरणीत मिळतं. ते चाळून कणी काढायची, कडक उन्हात वाळवायचं आणि मगच भरायचं, ही तुमची सूचना आम्ही सगळ्यांना ठळक करून देतो. कणी राहिली की किडे होतात आणि दमट तूस आत बुरसतं, आणि दोन्ही कळतं ते सगळं भरतकाम झाल्यावर.

२४ सेंटीमीटर घेराच्या गोळ्याला साधारण १५० मिलीची वाटीभर तूस लागतं. पातळ कागदात पुरचुंडी बांधून त्यावर लोकरीचा धागा गुंडाळायचा. दर दोन-तीन वेढ्यांनंतर गोळा हातात फिरवून दिशा बदलायची. एकाच दिशेने वेढे पडले की तिथे कंबर येते आणि दोन्ही टोकं निमुळती होतात. घेर साडेतेवीसच्या आसपास आला की लोकर थांबवून शिवणाचा बारीक दोरा घ्यायचा आणि लोकर कुठूनही दिसेनाशी होईपर्यंत तो फिरवायचा. त्याला दोन-अडीचशे मीटर दोरा सहज जातो. इथे कंजूषी केली तर टाक्याला धरायला काही उरत नाही, सुई लोकरीत जाते आणि टाका ओढताच वर येतो. चकचकीत दोरा टाळा, त्यावर टाके घसरतात, हेही तुमचंच. ओव्हरलॉकच्या बिनचमकीच्या दोऱ्याचं मोठं रीळ इथे सगळीकडे मिळतं आणि त्याने काम उत्तम होतं. गोळा अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबावा, खड्डा मात्र राहू नये.

मग जिवारी, म्हणजे गोळ्यावरची विभागणी. कागदाच्या पट्टीची तुमची रीत इतकी सोपी आहे की टेपची गरजच उरत नाही. अर्धा सेंटीमीटर रुंदीची पट्टी उत्तर ध्रुवाला टाचणीने टोचायची, गोळ्याभोवती नेऊन टाचणीपाशी परत आणायची आणि तिथेच कापायची. दुमडून अर्धी केली की दक्षिण ध्रुव, पुन्हा अर्धी केली की विषुववृत्त. दक्षिण ध्रुवाची टाचणी लावल्यावर पट्टी निदान चार दिशांनी फिरवून पाहायची, दर वेळी टाचणी थोडी सरकवायची आणि सरासरी जागी पक्की करायची. गोळा शंभर टक्के गोल कधीच नसतो. ती चूक एका बाजूला साचू न देता सगळीकडे वाटून टाकायची. आठ भागांना चार पूर्ण वेढे लागतात, म्हणजे ९६ सेंटीमीटर, विषुववृत्ताचे २४ आणि सुरुवात-शेवटाला ३०. एकूण दीड मीटर जरीचा धागा एकदाच कापून घ्यायचा, कारण मध्ये जोड दिला की रेषा तिथे सैल पडते. ध्रुवावर सगळे धागे एका बारीक टाक्याने बांधले नाहीत, तर पुढच्या भरतकामाच्या ओढीने केंद्रच सरकतं.

दहाच्या संयुक्त विभागणीवर तुम्ही लिहिलेलं पान आमच्याकडे सर्वांत जास्त वाचलं जातं. बारा पंचकोन, वीस त्रिकोण आणि तीस चौकटी अशी बासष्ट केंद्रं गोळ्यावर आणायची म्हटलं की हात थबकतो. तुम्ही ते एका बेरजेवर आणलंत: शेजारच्या दोन पंचकोनांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे घेराचा सहावा भाग अधिक घेराचा शंभरावा भाग. २४ सेंटीमीटरला ४ अधिक ०.२४, म्हणजे ४.२४. भूमितीने नेमकं उत्तर काढलं तर ४.२३ येतं. फरक ०.१ मिलीमीटरचा, म्हणजे टाचणीच्या जाडीपेक्षा कमी. कंपास-कॅल्क्युलेटरशिवाय चालत आलेल्या कारागिरीत इतका अचूक आडाखा आहे, हे पाहून आमच्यातल्या गणिताच्या शिक्षिका हरखून गेल्या.

गोळ्याचे आधी दहा भाग करायचे. पट्टीवर ४.२४ ची खूण करून उत्तर ध्रुवापासून एक सोडून एक अशा पाच रेषांवर टाचण्या लावायच्या आणि दक्षिण ध्रुवापासून उरलेल्या पाच रेषांवर. वरची आणि खालची टाचणी एकाच रेषेवर आली की सगळा मेळ बिघडतो, म्हणून वरच्यांना एक रंग आणि खालच्यांना दुसरा. धागा घालण्याआधीची तपासणीही तुम्ही दिलीत: कुठल्याही टाचणीपासून शेजारच्या पाचही टाचण्यांचं अंतर तेच ४.२४ आलं पाहिजे. वरच्या ओळीतलं आपसातलं अंतर कमी आणि खालच्या ओळीपर्यंतचं जास्त भरलं, तर वरच्या टाचण्या ध्रुवाकडे सरकल्या आहेत. एक-दोन मिलीमीटरची दुरुस्ती टाचणीने एका मिनिटात होते. तीच धागा घातल्यावर करायची तर सगळं उसवावं लागतं.

किकु, म्हणजे शेवंतीच्या नक्षीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती बहुतेकींना जमतेच. सोळा भाग करायचे, पहिला टाका ध्रुवापासून १ सेंटीमीटरवर आणि खालचा विषुववृत्ताच्या २ सेंटीमीटर वर. सुई उजवीकडून डावीकडे, काम डावीकडून उजवीकडे. वरच्या टोकाला सुई आधीच्या सगळ्या धाग्यांच्या खालून जायची, त्यामुळे दर फेरीला टाका किंचित रुंद आणि किंचित खाली. खालच्या टोकाला आधीच्या टाक्याला लगटून. दोन फेऱ्यांमधून गोळ्याचा रंग डोकावू लागला, तर खालचा टाका जास्त खाली गेलाय. धागे एकमेकांवर चढू लागले, तर तो पुरेसा खाली गेला नाही. अशा टाक्यांचे दोन तारे होतात, एकाचे वरचे टाके ज्या रेषांवर, त्यांवर दुसऱ्याचे खालचे. दोन्ही तारे आळीपाळीने एकेक फेरी विणले तरच पाकळ्या एकमेकींत गुंफल्यासारख्या दिसतात. आधी एक तारा पुरा करून मग दुसरा घेतला, तर दुसरा नुसता वर बसतो. पर्ल कॉटनचा ५ नंबर यासाठी चांगला, पण धाग्याचा पीळ कामात उलगडत जातो. म्हणून मधूनमधून सुई सोडून धागा लोंबकळू द्यायचा आणि पीळ सारखा होऊ द्यायचा. ही एवढीशी गोष्ट कुठल्याच आकृतीत दिसली नसती.

ताई, तुम्ही प्रांताप्रांतांतला फरकही सांगितलात. अकितातल्या युरिहोंजोच्या गोतेनमारीला तीन बाजूंनी गोंडे असतात, आणि मात्सुमोतोत तर रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणांवरही तेमारी कोरलेली आहे. त्यामुळे इथल्या बायका आता नुसतं ‘जपानी चेंडू’ म्हणत नाहीत, कुठली तेमारी ते विचारतात. आपल्याकडे पैठणी आणि नारायणपेठ वेगळ्या ओळखल्या जातात, तसाच मान त्या कामाला इथे मिळू लागलाय.

जपानीतून समजून घेऊन, स्वतः गोळ्यावर करून पाहून, सेंटीमीटरमध्ये मांडून, पुन्हा शंका विचारणाऱ्या प्रत्येकीला उत्तर देणं हे किती वेळखाऊ काम आहे, याची आम्हाला पुरेपूर कल्पना आहे. त्याचा एक पैसाही तुम्ही घेतला नाहीत. मनापासून आभार.

एक विनंती उरली आहे. माकि-कागारीच्या, म्हणजे गोळ्याभोवती पट्टे गुंडाळण्याच्या नक्षीत विषुववृत्तापासून दूरचे पट्टे घसरतात. मोठ्या वर्तुळापासून धागा जितका लांब, तितका तो लहान वर्तुळाकडे ओढला जातो, इतकं आम्हाला उमगलं आहे. पट्टा किती रुंद झाला की पहिला अडकवणारा टाका घ्यायचा, त्याचं माप मात्र तुमच्याकडून हवंय. सवडीने कळवा.

तुमच्या,
तेमारी शिकणाऱ्या आम्ही सगळ्याजणी