देवभात तळ्याकाठीच टिकवा

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न चालत नाही, म्हणून अनेक घरांत देवभात शिजतो. हा रानटी भात. लांब कुसळ, तांबूस दाणा आणि पिकताच झडून जाणारी लोंबी ही त्याची ओळख. झडण्याच्या या खोडीमुळेच तो शेतकऱ्याला नकोसा होतो.

१९७० च्या दशकात आशियात तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या, रोप खुरटवणाऱ्या विषाणूने भातशेती पोखरली. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातल्या ‘ओरायझा निवारा’ या रानभाताच्या एका नमुन्यात! ‘आयआर ३६’ या गाजलेल्या वाणात ती उतरवली गेली. निवारा वर्षायू, म्हणजे एका वर्षात आयुष्य संपवणारा, तर ‘रुफिपोगॉन’ हा दुसरा रानभात बहुवर्षायू. दोन्ही एकाच जातीची रूपे आहेत, असेही काही अभ्यासक मानतात. दोन्ही आपल्या भाताच्याच ‘ए’ जनुकसंच गटातले (जनुकांच्या सारखेपणावरून केलेला गट), त्यामुळे आपल्या भाताशी त्यांचा संकर सहज होतो. इतर गटांतल्या जातींशी तो फार कठीण जातो.

अशा रानभाताचे बियाणे शीतपेटीत जपले जाते, ते हवेच. पण नवे रोग, नवे हवामान यांच्याशी झुंजत बदलण्याची संधी त्याला पाणथळ जागेतच मिळते. पुण्याभोवती बांधकामांसाठी ओढे, तळी बुजवली जात आहेत. स्थानिक जीवसृष्टीची नोंद ठेवणाऱ्या जैवविविधता नोंदवह्यांत गावोगावच्या रानभाताच्या जागा नोंदवाव्यात आणि तिथे भराव टाकायला परवानगी देऊ नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे