बूस्ट वाढवण्याआधी उष्णतेचा हिशेब करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत माझदा आरएक्स-७ या टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) असलेल्या रोटरी गाडीची ताकद कशी वाढवतात, यावर लेख आला. रोटरी इंजिनावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आनंद झाला. पण लेखात कामांचा जो क्रम दिला आहे तो उलटा आहे: आधी मोकळा एक्झॉस्ट, मग बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा जादा दाब), आणि कूलिंग व इंधन 'गरज भासल्यास'. शिवाय मूळ इंजेक्टरवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांवर) ३५० अश्वशक्ती सहज मिळते, हे विधानही आपल्या पेट्रोलवर टिकत नाही. ही गाडी कंपनीने भारतात विकली नाही, हे खरे. तरी बाहेरदेशी नोकरीला गेलेली आपली मुले तिथे ती हौसेने घेतात, आणि इथल्या टर्बो गाड्यांनाही हाच उलटा क्रम लावला जातो. म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

या गाडीच्या इंजिनात पिस्टन नाहीत; त्यांच्या जागी फिरणारे तिकोनी रोटर असतात, म्हणून ते रोटरी. ६५४ सीसीचे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी, आणि एकामागून एक जागे होणारे दोन टर्बो. १९९१ च्या जपानी गाडीत सुमारे ०.७ बार (१ बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) बूस्टवर २५५ अश्वशक्ती मिळत असे. तिकोनी रोटरच्या प्रत्येक टोकाला २ मिलिमीटर जाडीची पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. पिस्टनचे इंजिन थोडे नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके, काही दिवस सोसते. इथे एकाच जोरदार ठोक्यात ती पट्टी तुटू शकते. तुकडा हाउसिंगला (रोटरभोवतीच्या कवचाला) ओरखडे पाडत एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बोचे पाते तोडतो. म्हणजे एका चुकीत इंजिन आणि टर्बो दोन्ही गेले.

नॉकिंगचे मूळ उष्णतेत आहे, आणि सोलापूरकरांना उष्णता समजावून सांगायला नको. मे महिन्यातले ४३ अंश धरा. ०.७ बार बूस्टवर, टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के मानली, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १२० अंशांची असते. बूस्ट १ बार केला की ती १४५ अंशांच्या घरात जाते. मूळ टर्बो त्या दाबाला तितके कार्यक्षम राहत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच. वीस अंशांच्या थंड हवेत ०.७ बारला हाच आकडा नव्वदच्या आसपास असतो. परदेशातल्या गाडीचा मॅप (इंधन व स्पार्क किती, केव्हा याचा तक्ता) जसाच्या तसा आपल्या उन्हात चालवू नये तो यासाठी.

म्हणून पहिले काम इंजिनाची प्रकृती तपासण्याचे. इंजिनातला दाब मोजणारा गॅरेजमधला नेहमीचा कॉम्प्रेशन गेज रोटरीला फसवतो, कारण रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा दाब तो धरून ठेवतो. त्यातला व्हॉल्व्ह काढा, इंजिन गरम असताना इंधन व स्पार्क बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टर मारून काट्याचे तीन झटके पाहा. रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तम. २५० आरपीएमला ७ किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या खाली दाब असेल किंवा बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक असेल, तर ताकद वाढवण्याचा विषय तिथेच थांबवावा. तीनपैकी दोन झटके कमजोर असतील तर एपेक्स सीलवर संशय घ्या, कारण एक पट्टी शेजारच्या दोन कक्षांना सांभाळते. एकच कमजोर असेल तर बहुधा साइड सील, म्हणजे रोटरच्या सपाट अंगाची पट्टी.

दुसरे काम कूलिंगचे, आणि आमच्या मते खर्चाचा मोठा वाटा इथेच जायला हवा. या इंजिनात लोखंडी प्लेटा आणि ॲल्युमिनियमची हाउसिंग आलटून पालटून बसवलेली असतात. तापल्यावर दोन्ही धातू सारखे फुलत नाहीत, आणि त्यांच्यामधल्या पाण्याच्या सील एकदा जास्त तापल्या की गेल्या. कूलंट विनाकारण कमी होणे, सकाळी एका रोटरवर घरघरत सुरू होणे, पांढरा धूर, झाकण उघडल्यावर बुडबुडे ही त्याची लक्षणे. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका; तो बराच वेळ मधोमध थांबतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा तापमान गेज लावा. कूलंटमधली हवा वेगळी करणाऱ्या एअर सेपरेटरची मूळ प्लॅस्टिकची टाकी चिरते, तिथे ॲल्युमिनियमची बसवा. पंखे लवकर सुरू होतील असे करा, नाहीतर सात रस्त्याच्या सिग्नलला दुपारी दोन वाजता काय होईल ते सांगायला नको. आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही नाही. आपल्या भागातल्या पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच हवे.

टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर मोठा लागतोच, पण तो पुढच्या बंपरमागे उभा केला की त्यातून तापलेली हवा थेट रेडिएटरवर येते. थंड प्रदेशात ते खपून जाते. आपल्याकडे इंटरकूलर आणि रेडिएटर तिरपे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवून दोघांना वेगवेगळी हवा देणे हाच योग्य मार्ग. खर्च जास्त येतो, तरीही.

आता इंधन. मूळ इंजेक्टर ५५० सीसीचे दोन आणि ८५० सीसीचे दोन, म्हणजे मिनिटाला २८०० सीसी. ८५ टक्क्यांपुढे ते चालवू नयेत, म्हणजे हाताशी २३८० सीसी. रोटरी इंजिन अधाशी आहे; बूस्टमध्ये ३५० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे २३०० सीसी पेट्रोल लागते. कागदावर जमले! पण आज पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आणि त्यात ऊर्जा कमी असल्याने सहा-सात टक्के जास्त सोडावे लागते. आकडा २४५० च्या आसपास जातो आणि भर वेगात मिश्रण कोरडे पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसातून येते आणि ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) वाढवते, त्यात वाईट काही नाही. मात्र ८५० सीसीचे दुसरे दोन इंजेक्टर मोठे करा, पंप जास्त क्षमतेचा घ्या, त्याला बॅटरीवरून रिलेमार्फत स्वतंत्र वायर द्या. तीस वर्षांच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्यांनी बदला. इंजिनावर गळलेले पेट्रोल पेट घेते. मिश्रण १४.७ च्या (शुद्ध पेट्रोलला लागणाऱ्या हवेच्या पटीच्या) हिशेबात न मोजता लॅम्डामध्ये (लागणाऱ्या हवेच्या मानाने प्रत्यक्ष हवा किती) मोजा, बूस्टमध्ये ०.७५ च्या आसपास ठेवा. टाकीत दर लिटरला ५ ते ८ मिली टू-स्ट्रोक ऑइल घातले तर एपेक्स सीलला वंगण मिळते.

एक्झॉस्ट मोकळा करण्याची पाळी यानंतर. डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्ट नळी) बदलताच मूळ वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन जादा एक्झॉस्ट सोडणारी झडप) कमी पडते आणि कोणी न वाढवता बूस्ट आपोआप चढतो. लेखात याचा उल्लेखच नाही, आणि सर्वांत जास्त इंजिने इथे जातात. वेस्टगेटचे भोक मोठे करून घ्यावे, प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) बसवावा, चारही स्पार्क प्लग ९ नंबरचे थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घालावेत. मग डायनोवर (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), भर रस्त्यात नव्हे, बूस्ट ०.०५ बारने वाढवत न्यावा आणि प्रत्येक वेळी प्लग काढून पाहावेत. आपल्या हवेत ०.८ बार आणि तीनशेच्या आसपास अश्वशक्ती ही रोज चालवायच्या गाडीची मर्यादा आम्ही मानतो.

भारतात नोंदणी झालेल्या गाडीत असे बदल करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला कलम १८२-ए खाली ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मूळ इंजेक्टरवर ३५० अश्वशक्ती हे विधान आणि कामांचा क्रम, एवढ्या दोन गोष्टींची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपले,
टर्बो इंजिनांचे काम करणारे काही कारागीर,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर