फोमच्या टाक्या धुण्याचा खर्च कोणी सोसायचा?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विमानतळांवरील अग्निशमन दलाकडे असलेला जुना, घातक ठरलेला फोम बदलता यावा म्हणून अमेरिकेने १६ मे २०२४ रोजी अमलात आलेल्या विमान वाहतूक कायद्यात पाच वर्षांसाठी ३५ कोटी डॉलरच्या अनुदानाची तरतूद केली. माझी सारी नोकरी विमानतळाच्या अग्निशमन दलात गेली आणि तोच फोम मी वर्षानुवर्षे हाताळला. त्यामुळे या तरतुदीविषयी, आणि तिच्यातून आपण काय घ्यावे याविषयी, लिहिणे मला आवश्यक वाटते.

विमानाच्या इंधनाला लागलेली आग नुसत्या पाण्याने विझत नाही. पाणी जड असल्यामुळे तळाशी जाते आणि पेटते इंधन त्याच्यावर तरंगत पसरत राहते. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा आणि थ्रीएम कंपनी यांनी फ्लोरिनयुक्त रसायने वापरून असा फोम तयार केला, की ज्यातून सुटलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा इंधनावर पसरतो आणि वाफ कोंडून टाकतो. २९ जुलै १९६७ रोजी फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवरील आगीत १३४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर हा फोम आधी नौदलात आणि मग विमानतळांवर झपाट्याने रुजला. आम्ही त्याला ‘ए ट्रिपल एफ’ म्हणत असू. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

परंतु त्यातील पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. ती जमिनीतून भूजलात आणि पाण्यातून माणसाच्या रक्तात जातात. त्यांपैकी पीएफओए या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा ठरवली ती लिटरमागे अवघी ४ नॅनोग्रॅम. स्वीडनमधील रोनेबी येथे हवाई तळावरील फोममुळे दूषित झालेले पाणी हजारो लोक प्यायले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये तेथील एक जलशुद्धीकरण केंद्र बंद करावे लागले. दहा वर्षांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रक्तातील या रसायनांची वाढलेली पातळी हीच शारीरिक इजा होय.

आमच्या सरावात हा फोम जवानांच्या अंगावर, गणवेशावर, बुटांत असे. सराव संपला की तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गटारात ढकलायचा. ते गटार कुंपणापलीकडच्या नाल्याला मिळत असे आणि नाल्यावर साचलेल्या पांढऱ्या फेसात जवळच्या वस्तीतील मुले खेळताना मी पाहिली आहेत. साबणाच्या पाण्याचाच हा प्रकार, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ती मुले आता मोठी झाली असतील; त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

सरकारी पैसा कशासाठी, विमानतळांनी आपला फोम आपण बदलावा, असे कोणी म्हणेल. अमेरिकेच्या बाबतीत याचे उत्तर स्वच्छ आहे. तेथील विमानतळांना लष्करी मानकाचा फोम ठेवणे बंधनकारक होते आणि त्या मानकातच फ्लोरिनयुक्त रसायनांची अट होती. ही सक्ती काढण्याचा आदेश संसदेने २०१८ मध्ये दिला, पण फ्लोरिनमुक्त फोमसाठीचे नवे लष्करी मानक तयार व्हायला जानेवारी २०२३ उजाडले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, निकषांत अशी अट नाही. फोमने ठरावीक आकाराच्या तबकातील आग ठरावीक वेळात विझवली पाहिजे, एवढेच ते पाहतात. म्हणून तर ऑस्ट्रेलियातील बहुतेक नागरी विमानतळांची अग्निशमन सेवा २०१० मध्येच फ्लोरिनमुक्त फोमकडे वळू शकली. जी वस्तू सरकारने सक्तीने ठेवायला लावली, ती काढून टाकण्याचा भार सरकारनेच उचलणे मला न्याय्य वाटते.

आणि हा भार नव्या फोमच्या किमतीपुरता नाही. सीएफटी, म्हणजे क्रॅश फायर टेंडर, या गाडीच्या टाकीच्या आणि नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागावर पीएफएएसचे थर चिकटून बसतात. ते साध्या पाण्याने एकदा धुऊन जात नाहीत. वारंवार धुवावे लागते, आणि तरीही उरलेला अंश नव्या फोममध्ये उतरतो. धुतलेले पाणी स्वतःच घातक कचरा ठरते व ते साठवून नष्ट करावे लागते. नवा फोम दाट असल्याने पाण्यात त्याचे प्रमाण राखणारी यंत्रणा बदलावी किंवा नव्याने जुळवावी लागते. वेगवेगळ्या कंपन्यांचे फ्लोरिनमुक्त फोम एकमेकांत मिसळूनही चालत नाहीत. शिवाय नवा फोम पाण्याचा पापुद्रा तयार करत नाही, फेसाच्या थरानेच आग झाकतो. त्यामुळे जवानाला फवारा हलक्या हाताने टाकण्याचा सराव नव्याने करावा लागतो. या प्रशिक्षणात काटकसर केली, तर त्याची किंमत विमानातील प्रवासी मोजतील.

हे सारे लक्षात घेता ३५ कोटी डॉलर कमीच आहेत. अमेरिकेत असे प्रमाणित विमानतळ पाचशेच्या आसपास आहेत. सरासरी काढली तर प्रत्येकी सात लाख डॉलर येतात आणि एका नव्या मोठ्या सीएफटीची किंमतच त्याहून अधिक असते. त्यातही कायद्याने केवळ खर्चाला मुभा दिली आहे. प्रत्यक्ष रक्कम तेथील संसदेला दरवर्षी वेगळी मंजूर करावी लागते. मोठी विमानतळे हा खर्च प्रवासी शुल्कातून भरून काढतील, दिवसाला दोन-चार विमाने उतरणारी छोटी विमानतळे काढू शकणार नाहीत.

आपल्याकडे नांदेड, जळगाव, सोलापूर, अमरावती, सिंधुदुर्ग यांची स्थिती हीच आहे. आपली अग्निशमन व्यवस्थाही आयकाओच्या निकषांवर आधारलेली असल्यामुळे फ्लोरिनमुक्त फोम स्वीकारण्यात तांत्रिक आडकाठी नाही. उणीव आहे ती धोरणाची. जुन्या फोममधील पीएफओएस हे पीएफएएसपैकीच एक रसायन २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विघटित होणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आले. भारताने २०२० मध्ये त्या यादीतील सात रसायनांना मान्यता दिली, तेव्हा त्यांत ते नव्हते. केंद्र सरकारने ही मान्यता द्यावी आणि छोट्या विमानतळांच्या गाड्या धुण्यासाठी व जुना फोम नष्ट करण्यासाठी स्वतंत्र निधी ठेवावा. पुरंदरसारख्या नियोजित विमानतळासाठी तर गाड्यांच्या निविदेतच फ्लोरिनमुक्त फोमची अट घालावी. ज्या टाकीत जुना फोम कधी पडलाच नाही, ती धुण्याचा प्रश्नच उरत नाही.

निधी येईपर्यंत एक आदेश मात्र आजच काढता येईल. मुदत संपत आलेला फोम सरावात वापरून संपवण्याची पद्धत आमच्या काळी होती. ती जेथे चालू असेल तेथे तत्काळ थांबवावी, सराव पाण्यावर किंवा फ्लोरिनमुक्त सराव-फोमवर घ्यावा आणि जुन्या फोमची पिंपे सील करून, नोंद ठेवून, पक्क्या छताखाली ठेवावीत.

आपला विश्वासू,
विमानतळ अग्निशमन दलातील एक निवृत्त कर्मचारी, पनवेल